घर बघण्याआधी पैसे दाखवा: इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये घर घेतानाचा माझा अनुभव

"शनिवारी घर बघायला येऊ का?" एवढंच मी फोनवर विचारलं होतं. पलीकडच्या, इस्टेट एजंटच्या ऑफिसातल्या मुलीने विचारलं, "तुमचं एआयपी तयार आहे का? डिपॉझिटचा पुरावा? दोन्ही ईमेल करा, मग स्लॉट बघते." एआयपी म्हणजे बँक अंदाजे किती कर्ज देईल याचं पत्र, आणि डिपॉझिट म्हणजे किमतीतली आपण स्वतः भरायची रक्कम.

फोन ठेवल्यावर मला फार लागलं. पुण्यात माझ्या भावाने कोथरूडला फ्लॅट घेतला, तेव्हा एजंट रविवारी सकाळी स्वतः न्यायला यायचा, एका दमात चार फ्लॅट दाखवायचा. पैशाचा विषय निघाला तो टोकन द्यायच्या वेळी. इथे दार उघडायच्या आधीच बँकेचा हिशोब मागत होते. आपले उच्चार आणि आडनाव ऐकून तर विचारत नाहीत ना, अशी शंकाही मनात आली. ती एप्रिल २०२५ ची गोष्ट. इंग्लंडमध्ये आम्हाला चौथं वर्ष चालू होतं, दोघंही नोकरीच्या व्हिसावर.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात ओळख झालेल्या एका ताईंनी दोन घरं घेतली-विकली आहेत. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, सगळ्यांनाच विचारतात. इथला एजंट हा विकणाऱ्याचा माणूस. त्याचं कमिशन विकणारा देतो, आपण एक पेनी देत नाही. आणि इथे तोंडी होकाराला काही अर्थ नसतो. सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतो. म्हणून आधीच चाचपून बघतात." घर बघण्याआधी कागद दाखवायची कायद्याने सक्ती नाही, पण एजंटने मागू नयेत असंही कुठे नाही. चांगल्या घराला पहिल्याच शनिवारी दहा-बारा जण रांगेत असतात, तिथे कागद नसलेला माणूस मागे पडतो.

एआयपी म्हणजे 'ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल'. तुमचं उत्पन्न बघून आम्ही अंदाजे इतकं कर्ज देऊ, असं बँकेचं पत्र. हा कर्जाचा पक्का होकार नव्हे, आणि त्याची मुदत साधारण एक ते तीन महिने असते. इथे पहिली चूक घरातच झाली. नवऱ्याने एकाच संध्याकाळी दोन बँकांच्या वेबसाइटवर अर्ज भरले. एकीने 'सॉफ्ट सर्च' (क्रेडिट नोंदींची वरवरची तपासणी) केला, त्याची खूण इतर बँकांना दिसत नाही. दुसरीने 'हार्ड सर्च' केला, तो क्रेडिट अहवालात साधारण वर्षभर दिसत राहतो. अर्जाआधी हे विचारून घ्या. दुसरं म्हणजे मतदारयादी. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे इथे राहणाऱ्या आपल्या माणसाला मतदार म्हणून नोंदणी करता येते, आणि यादीत नाव असलं की पत्त्याची खात्री पटते, क्रेडिटला मदत होते. आम्हाला हे तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. नंतर आम्ही कर्ज मिळवून देणारा ब्रोकर धरला, कारण व्हिसावरच्या लोकांना काही बँका पंचवीस टक्के डिपॉझिट मागत होत्या. त्याने दहा टक्क्यांवर तयार होणारी बँक शोधली.

आता जी चूक आम्हाला महागात पडली ती सांगते. पहिल्या एजंटला मी सगळं पाठवलं. तीन लाख साठ हजार पौंडांचं, म्हणजे आमच्या कमाल मर्यादेचं एआयपी, आणि बचत खात्याचा पूर्ण उतारा, शिल्लक रकमेसकट. घर बघितलं, आवडलं. मागणी तीन लाख पंच्याहत्तर हजारांची होती, आम्ही तीन लाख साठ हजार सांगितले. दुसऱ्या दिवशी फोन आला, "तुमच्या कागदांवरून तुम्ही पूर्ण किंमत सहज देऊ शकता असं दिसतंय, मग इतकी कमी ऑफर का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपली शेवटची रक्कम आपणच समोरच्याच्या हातात दिली होती. त्या घराचं पुढे जमलं नाही.

त्यानंतर ब्रोकरने पद्धत बदलली. ज्या घराची ऑफर, तेवढ्याच कर्जाचं पत्र. घर बघण्यापुरतं मागितलं तर त्याचं दोन ओळींचं पत्र, 'यांची कर्जाची पात्रता आणि डिपॉझिट मी तपासलं आहे, मागणीच्या किमतीला पुरेसं आहे.' बँकेचा उतारा मागितलाच तर त्यातला खाते क्रमांक आणि बाकीचे व्यवहार काळे करून, फक्त नाव, तारीख आणि लागेल तेवढी रक्कम. एकाही एजंटने हे नाकारलं नाही.

एका ठिकाणी मात्र वेगळाच प्रकार झाला. "आमच्या कर्ज सल्लागाराशी आधी बोला, त्याशिवाय घर दाखवत नाही," असं सांगितलं. हे चालत नाही. एजंटच्या सेवा घेतल्या नाहीत म्हणून खरेदीदाराशी दुजाभाव करू नये, असा आदेश १९७९ च्या इस्टेट एजंट्स ॲक्टखाली १९९१ मध्ये निघालेला आहे, आणि आलेली ऑफर विकणाऱ्याला ताबडतोब लेखी कळवायची हेही त्यातच आहे. मी शांतपणे ईमेल लिहिला. आमचा ब्रोकर आहे, त्याचं पत्र सोबत जोडलं आहे, सल्लागाराला भेटणं ही अट असेल तर तसं लेखी कळवावं. तक्रार करायची वेळ आली तर तुम्ही कोणत्या योजनेचे सभासद आहात तेही कळवा, असंही विचारलं. इथे प्रत्येक इस्टेट एजंटला मान्यताप्राप्त तक्रार निवारण योजनेत असावंच लागतं. तासाभरात उत्तर आलं, "शनिवारी दहा चाळीस."

ते टाइलहर्स्टमधलं तीन बेडरूमचं जुनं घर होतं. पंधरा मिनिटांचा स्लॉट. घरमालकीणबाई घरीच होत्या, ऐंशीच्या पुढच्या. बैठकीच्या खोलीतच त्यांच्या यजमानांचा पलंग लावला होता, ते झोपले होते. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या महिन्यात नऊ जण येऊन गेले. प्रत्येक वेळी मी त्यांना उठवून बसवलं, घर आवरलं. त्यातल्या दोघांना घर घ्यायचंच नव्हतं, शेजारी राहतात म्हणून बघायला आले होते." त्या पलंगाशेजारी उभी असताना मला पहिल्या फोनवरचा प्रश्न आठवला. त्या दिवसापासून कागद मागितल्याचा राग राहिला नाही. किती दाखवायचे, याची काळजी मात्र तेवढीच घेतली.

मागणी तीन लाख पंच्याऐंशी हजारांची होती. आम्ही तीन लाख अडुसष्ट हजारांपासून सुरुवात केली आणि तीन लाख पंच्याहत्तर हजारांवर जमलं. या वेळी वरची रक्कम त्यांना माहीत नव्हती. पहिल्या घराला स्टॅम्प ड्यूटी माफ असण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सव्वाचार लाखांवरून तीन लाखांवर आल्यामुळे आम्हाला ३,७५० पौंड जास्त भरावे लागले. त्याला इलाज नव्हता.

खरी तपासणी होकारानंतर झाली. पैसे कुठून आले, हे एजंट आणि सॉलिसिटर (खरेदीचे कायदेशीर कागद बघणारा वकील) दोघंही मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे तपासतात. सहा महिन्यांचे उतारे, लाइफटाइम आयसाचा (सरकारी बोनस मिळणाऱ्या बचत खात्याचा) तपशील, आणि बाबांनी दिलेले पैसे. बाबांची ठेव साताऱ्याजवळच्या आमच्या गावच्या पतसंस्थेत होती. ती मोडून पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत आणले, पॅन देऊन आणि परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरून पावणेदहा लाख रुपये इकडे पाठवले. वर्षाला दहा लाखांच्या आत राहिलं की टीसीएस (पैसे पाठवताना बँक कापते तो कर) कापला जात नाही, म्हणून तेवढेच. पतसंस्थेचं पासबुक मराठीत. सॉलिसिटरने प्रमाणित भाषांतर मागितलं. त्यात दोन आठवडे गेले. तुमच्याही घरून पैसे येणार असतील तर हे भाषांतर घर शोधायला लागतानाच करून ठेवा.

आणि गिफ्ट लेटर. ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही, परत मागणार नाही, घरात माझा कोणताही हक्क नाही, असं वडिलांनी सही करून द्यायचं. व्हिडिओ कॉलवर मी ते मराठीत वाचून दाखवलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या घराशी माझा काही संबंध नाही, असं लिहून द्यायचं का?"

"तसं नाही हो बाबा, मालकीपुरतंच आहे ते. बँकेला एवढंच हवं असतं, की उद्या तुम्ही हिस्सा मागणार नाही."

"मी कशाला मागतोय," ते म्हणाले आणि आईकडून चष्मा मागवला. तीनही पानांवर सावकाश सही केली. कागद कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, "दिसतंय का नीट?"

ऑक्टोबरमध्ये चाव्या मिळाल्या. त्या पत्राची मूळ प्रत सॉलिसिटरकडे आहे, एक प्रत मी घराच्या फायलीत सगळ्यात वर लावली आहे. बाबांचा व्हिसाचा अर्ज आता भरायला घेतला आहे, त्यांना बैठकीची खोली द्यायची आहे.