डॉक्टरांशिवायचा पहिला मेळावा

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मिरजेत पार पडला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन, जमाखर्चाला मंजुरी, गुणवंतांचा सत्कार, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. त्यावर जास्त लिहीत नाही. यंदा पहिल्या रांगेत डॉक्टर नव्हते. दिवाळीनंतर ते गेले. कार्यवाहपद माझ्याकडे आलं त्याच्या कितीतरी आधीपासून हा मेळावा त्यांच्या जिवावर चालत आलेला, म्हणून चहानंतरचा सगळा वेळ आम्ही त्यांच्या आठवणींसाठी ठेवला.

मिरजेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1962 साली सुरू झालं. डॉक्टर तिथल्या सुरुवातीच्या तुकड्यांतले. दवाखाना गावातच. वयोमानाने तो बंद केला तेव्हा आम्हाला वाटलं, आता डॉक्टर जरा निवांत बसतील. कसले बसतात! मोडी वाचायला शिकले आणि लोकांची जुनी खतं, बाडं घरी आणून बाळबोधीत उतरवून द्यायला लागले. पहाटे उठून दंडोबाच्या डोंगरावर पक्षी बघायला जायचे, जाताना शेजारपाजारची पोरं गोळा करून न्यायचे. एकट्याने कुठला छंद करायचा हे त्यांना जमायचंच नाही.

आकाशाचं वेड तर फार जुनं. 16 फेब्रुवारी 1980 ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कर्नाटकातून जाणार होता. गावात निम्मी घरं दारं लावून बसलेली असताना डॉक्टर दवाखान्याला कुलूप घालून शाळेतल्या मुलांना रेल्वेने हुबळीकडे घेऊन गेले. भर दुपारी अंधारून आलं, काळ्या चकतीभोवती पांढरी प्रभा फाकली आणि दोन-अडीच मिनिटांत सगळं संपलं. त्या मुलांपैकी एक आज स्वतः आजोबा आहेत. मेळाव्यात हे सांगताना त्यांना पुढे बोलवेना.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी दुर्बिणीसाठी सहा इंची आरसा स्वतः घासला. ते काम मी त्यांच्या अंगणात उभं राहून पाहिलंय. काचेच्या दोन जाड चकत्या एकावर एक, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. खालची चकती पिंपावर पक्की बसवलेली, वरची पुढेमागे घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती पाऊल पाऊल सरकत राहायचं. अशाने वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. मग पूड बारीक, आणखी बारीक. डॉक्टर मधेच थांबून तळव्याने काच पुसायचे, उजेडाकडे तिरकी धरायचे आणि एखादा ओरखडा दिसला की चकार शब्द न काढता परत आधीच्या पुडीवर यायचे. याच आरशातून पुढे शाळेच्या गच्चीवर मुलांनी शनीची कडी पाहिली.

मेळाव्यात पाहुण्यांची भाषणं मी आदराने ऐकतो, पण मला गलबलून येतं ते कधी स्टेजवर न चढलेल्या माणसाने केलेल्या भाषणाने. हातात कागद नाही, माईक कुठे धरायचा ते ठाऊक नाही, आणि आतलं सगळं एकदम ओठांवर येतं. यंदा ते सतारमेकर गल्लीतल्या चाचांच्या तोंडून ऐकलं. डॉक्टर त्यांच्याकडे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे स्वर खुलवण्यासाठी घोडी घासून तार जुळवण्याचं काम, शिकायला जात. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने किती घासायचा, तार त्यावर कुठे टेकायची, खाली सुताचा दोरा कुठे सरकवला की स्वर खुलतो, हे चाचांचे हात पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. चाचा म्हणाले, "डॉक्टरसाब पहिल्या दिवशी नळी घेऊन आले आणि भोपळ्याला लावून ऐकत बसले. मी म्हटलं, साहेब, ते बाजूला ठेवा, पेशंट नाही हा. कान जवळ आणा. तेव्हापासून रोज माझ्याजवळ खाली मांडी घालून बसायचे. खुर्ची दिली तर घ्यायचे नाहीत. माझ्या बापानंतर माझं काम एवढं बारकाईनं कोणी बघितलं नाही." सभागृहात पंखे तेवढे ऐकू येत होते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी पेढे घेऊन डॉक्टर आधी चाचांकडे गेले होते, हेही आम्हाला त्या दिवशीच कळलं.

एक बोलायलाच हवं. गेल्या वर्षी डॉक्टर वॉकर घेऊन आले होते आणि शेवटच्या राष्ट्रगीतापर्यंत थांबले होते. यंदा त्यांच्यासाठीच्या सभेला मागच्या चार रांगा रिकाम्या राहिल्या. पुण्या-मुंबईहून शोकसंदेश भरपूर आले. पण संदेश खुर्चीत बसत नाहीत. मिरजेला गाड्यांची काही कमतरता नाही, आणि डॉक्टरांनी रात्री-अपरात्री घरी जाऊन तपासलेली कितीतरी माणसं या मंडळींच्या घरचीच आहेत. मला हे लागलं, म्हणून लिहिलं.

आता आभार. नावं छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून कामावरूनच सांगतो. खुर्च्या लावणारे आणि नंतर झाडलोट करणारे शाळेचे शिपाईमामा, पहाटे येऊन रांगोळी घालणाऱ्या दोघी भगिनी, मंडपवाले, ज्यांनी या वेळी बिल लावलं नाही, माईकवाला मुलगा, उप्पीट-शिऱ्याचं बघणाऱ्या काकू आणि त्यांच्या सूनबाई, डॉक्टरांचे जुने कंपाउंडर, ज्यांनी दवाखान्यातली पाटी आणि फोटो सांभाळून आणले, तानपुरा धरणारी दहावीतली मुलगी, चपलांपाशी उभे राहिलेले स्काउटचे विद्यार्थी, आणि घरात दुःख असताना दुर्बीण स्वतः पुसून शाळेला दिली त्या डॉक्टरांच्या वहिनी. पाण्याचे जार कोणी पाठवले ते अजून कळलेलं नाही. ज्यांनी पाठवले त्यांनी कृपया मला फोन करावा, अहवालात नोंद राहून जायला नको.

दुर्बिणीचा आरसा उत्तम आहे, स्टँड मात्र डुगडुगतोय. 2 ऑगस्ट 2027 ला संध्याकाळी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, सोमवार आहे, शाळा चालू असेल. पावसाळ्याचे दिवस, ढग असतील तर असतील. सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडून मुलांना दाखवायची, डॉक्टर दाखवायचे तशीच. ज्यांना लेथचं किंवा सुतारकाम येतं त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाला शाळेत यावं. किल्ली माझ्याकडे आहे.