आमची वाटचाल: आधी मीटर, मग स्क्रूड्रायव्हर

गाडीतल्या कॅसेट डेकच्या, म्हणजे गाणी वाजवणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीवर आमचा धंदा उभा राहिला. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेली ती छोटी कॅसेट पुढे डॅशबोर्डात शिरली आणि आमच्यासारख्यांचं पोट चाललं. तेव्हाचा बिघाड डोळ्यांना दिसायचा. बेल्ट सैल झाला की गाणं रडायला लागायचं, फीत ओढणारा रबरी पिंच रोलर चिकट झाला की फीत आत गुंडाळली जायची, फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी थर साचला की आवाज बसायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेला कापूस फिरवायचा, हेडचा स्क्रू केसभर हलवून अझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन, जुळवायचा. झांजेचा आवाज मोकळा झाला की गिऱ्हाईक खूश.

सीडीच्या काळात लेन्स साफ करणं आणि पिकअप, म्हणजे सीडी वाचणारा लेझरचा भाग, बदलणं एवढंच काम उरलं. यूएसबी आल्यावर तेही संपलं, कारण आत फिरणारं काहीच राहिलं नाही. मग आम्ही फिटिंगकडे वळलो. नवा डेक, दारात मोठे स्पीकर, डिकीत अॅम्प्लिफायर (अॅम्प) आणि जाड आवाजाचा वूफर. काम भरपूर होतं, पण एक गोष्ट लवकर लक्षात आली: ‘डेक खराब आहे’ म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये डेक बहुतेक वेळा ठणठणीत असायचा. दुखणं वायरीत, जोडात, नाहीतर अर्थमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्याला टेकवलेल्या मायनस जोडणीत.

जुन्या गाड्यांत स्पीकरची मायनस वायर सरळ बॉडीला टेकवलेली असायची, तेव्हाच्या डेकना ते चालायचं. आजच्या डेकचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं, स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. त्यातली एक बॉडीला लागली की डेक प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, नशीब खराब असेल तर आउटपुटची आयसी, म्हणजे चिपच, जाते. अशा गाडीत नवा डेक बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. म्हणून जुनी गाडी आली की स्पीकरच्या प्रत्येक वायरीचा बॉडीशी संबंध आहे का, हे आम्ही आधी मल्टिमीटरने बघतो. स्पीकरही तेव्हाच मोजून घेतो. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते शिट्टीने. अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधली शिट्टी चढते, सोडला की उतरते, म्हणजे ऑल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) आवाज सिस्टिममध्ये घुसलाय. अशीच एक गाडी आमच्याकडे आली. आधी तिचा डेक बदलून झाला होता, मग डेकमधून अॅम्पकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबल बदलल्या, शेवटी नॉइज फिल्टर लावला, तरी शिट्टी होतीच. आम्ही इंजिन चालू ठेवलं, आवाज वाढवला, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी अॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर धरली. दाखवत होतं अर्ध्या व्होल्टच्या आसपास. तिथे एक दशांश व्होल्टच्या वर जायला नको. अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली दाबलेली, आणि बोल्टखाली जाडजूड रंग! पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, गंज चढू नये म्हणून वरून रंगाचा हात दिला. शिट्टी गेली. फिल्टर काढून गिऱ्हाइकाच्या हातात दिला.

अर्थ चांगला असूनही शिट्टी राहिलीच, तर आम्ही अॅम्पवरच्या आरसीए पिना काढून बघतो. आवाज थांबला तर दोष अॅम्पच्या अलीकडे, म्हणजे डेकमध्ये किंवा केबलमध्ये. केबल पॉवरच्या वायरीला चिकटून नेलेली असली तर तिला गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावं लागतं. पूर्ण कार्पेट उचलायचं काम, कंटाळवाणं, पण त्याला पर्याय नाही.

यातूनच आम्ही ठरवलं, की फिटिंग जोडधंदा आणि दोष शोधणं हा मुख्य. तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लागलो तेव्हा काही गिऱ्हाइकं नाराज झाली. ‘नुसतं बघायचे कसले पैसे, दादा?’ हा प्रश्न अजून येतो. पण बघण्यातच तर सगळी अक्कल लागते!

रात्रीत बॅटरी उतरण्याच्या तक्रारीचं घ्या. डेकची पिवळी वायर कायमच्या 12 व्होल्टची, लाल चावीवरची. घाईत कोणीतरी दोन्ही एकत्र पिळतं आणि डेक रात्रभर जागा राहतो. मोजताना गाडी बंद करून तिच्यातले कंट्रोलर (छोटे संगणक) झोपेपर्यंत थांबावं लागतं, कधी कधी अर्धा तास. त्यानंतर मीटरवर साधारण 50 मिलीअँपिअरच्या आत करंट हवा. जास्त दिसला की एकेक फ्यूज काढत जायचं.

नव्या गाड्यांनी आम्हाला पुन्हा शिकायला बसवलं. 2001 च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजमध्ये मोस्ट नावाचं ऑप्टिकल फायबरचं जाळं आलं. यात डेक, अॅम्प असे डबे एका रिंगमध्ये जोडलेले असतात, एक मेला की सगळी सिस्टिम मुकी. तिथे वायर पिळून काही होत नाही. फायबरचा छोटा लूप लावून एकेक डबा वगळत जायचं आणि आवाज कुठे परत येतो ते बघायचं. कंपनीची वायरिंग कापायला आम्ही आता साफ नाही म्हणतो, जुळणारा हार्नेस, म्हणजे तयार प्लगांची वायर-जोडणी, मिळत असेल तरच डेक बदलतो.

देखभालीला येणाऱ्या गाडीत आम्ही डेकला शेवटी हात लावतो. आधी बॅटरीची टर्मिनल, मग फ्यूज होल्डर उष्णतेने पिवळा पडलाय का, मग दार आणि बॉडीमधला रबरी बूट, ज्यातून वायरी दारात जातात. दार उघडलं की आवाज येतो, लावलं की जातो, अशी तक्रार असली तर त्या बुटातली वायर तुटलेली असते. दाराच्या पॅनेलमागचा प्लॅस्टिक पडदाही बघतो, कारण फिटर तो फाडतात आणि परत चिकटवत नाहीत. मग पावसाचं पाणी थेट स्पीकरवर. अॅम्पवरचा गेन नॉब कोणी मागाहून पिळलाय का, हेही पाहतो. तो आवाज वाढवायला नसतो, डेकच्या सिग्नलशी अॅम्प जुळवायला असतो. फाटक्या आवाजात वाजवत राहिलं की आधी ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जातो.

काम झालं की कुठला फ्यूज किती अँपिअरचा आणि अर्थ कुठे घेतलाय, हे लिहिलेला कागद आम्ही गाडीच्या पुस्तिकेत ठेवतो. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या कोणाकडे गेली, तरी त्याला कार्पेट उचलायला नको.