शिवणीच्या दोन रेघा

त्या दिवसाचा अहवाल गेला, मंजूर झाला, फाइल बंद झाली. तरी त्यातला एक रकाना डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहून काढतेय.

माझं काम बास्केटबॉलचे बूट तपासायचं. बाजारात यायच्या कितीतरी आधी नमुन्याचे जोड आमच्याकडे येतात. आम्ही ते खेळाडूंच्या पायात चढवतो, मैदानावर पळवतो आणि कुठे काय बिघडतंय ते लिहितो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा, रोज नवे बूट. मी स्वतः आजवर एकही घातलेला नाही. नमुने एकाच मापात बनतात, पुरुषांचं अमेरिकी ९, म्हणजे २७ सेंटिमीटरचा पाय. माझा २४. त्यामुळे माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या पायांना काय वाटतं हे विचारण्यात गेलीय, आणि पायाला काय वाटतं ते बहुतेकांना धड सांगता येत नाही.

त्या दिवशीचा बूट गार्डसाठी होता. उंच सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा, हुकलेला चेंडू पकडायला उडून वरून आदळतो, त्याला जाड गादी लागते. गार्ड चेंडू घेऊन येतो, थबकतो, उजवीकडे झुकतो आणि डावीकडून निघून जातो. त्याला मैदान पायाखाली लागलं पाहिजे. म्हणून तळ बुटका आणि वजन कमी. वजनाचं हे वेड तसं जुनं. २००८ च्या अखेरीस अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने फुटबॉलवाल्यांकडे बघून घोट्याखाली संपणारा बूट बनवून घेतला. २०११ मध्ये आडिडासचा क्रेझी लाइट आला तो ९.८ औंसांचा, म्हणजे २७८ ग्रॅम. तेव्हापासून प्रत्येक डिझाइनवाल्याच्या डोक्यात एक आकडा बसलेला असतो. आमच्याकडे आलेल्या कागदावर तो ठळक अक्षरांत होता: ३०० च्या आत.

सकाळी सहा जोड, बारा बूट काट्यावर ठेवले. डावा-उजवा वेगळा मोजायचा असतो. एकाच जोडात तीन-चार ग्रॅमचा फरक सहज निघतो, गोंदाचा हात कमीजास्त पडतो म्हणून. सगळ्यात हलका २९२, सगळ्यात जड २९८. डिझाइनचा मुलगा काट्याशेजारीच उभा होता. त्याने आकड्याचा फोटो काढला.

हा आकडा खेळाडूंना कळू द्यायचा नाही, हा नियम मी हट्टाने पाळते. कॅल्गरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या वजनांचे बास्केटबॉलचे बूट, आणि खेळाडूंचे दोन गट. ज्यांना वजन ठाऊक होतं ते हलक्या बुटात सुमारे दोन टक्के उंच उडाले, आडव्या धावेतही साधारण तेवढेच चपळ झाले. ज्यांच्यापासून वजन लपवलं होतं त्यांच्यात फरकच सापडला नाही. म्हणजे हलकेपणा बराचसा कानातून आत जातो. दुकानात बूट तळहातावर तोलून ‘वा, काय हलकाय’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. हाताला पंधरा ग्रॅम कळतात. दोन तास पळून झालेल्या पायाला ते कळतात का, विचारून बघा.

वजन कुठून काढलंय ते मात्र मला कळायला हवं. सोलच्या रबराची घनता पाण्याहून थोडी जास्त, मिडसोलच्या, म्हणजे त्यावरच्या मधल्या थराच्या, फोमची पाण्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे ग्रॅम चोरायचे तर पहिला हात रबरावर पडतो. इथेही बुटाच्या कमरेखालचं रबर कापून फोम उघडा ठेवला होता. टाचेचा कडक कप पातळ केला होता. अपरला, म्हणजे पाय झाकणाऱ्या वरच्या भागाला, जाळीचा एकच थर, करंगळीच्या बाजूने त्यावर पातळ फिल्म चिकटवलेली. आणि कागदावर शेवटी एक ओळ: ‘इनसोल हलकी’. इनसोल म्हणजे बुटाच्या आत तळपायाखाली येणारी गादी. ती ओळ मी वाचली आणि पान उलटलं.

ग्रिपवर मात्र पाऊण तास घालवला. तो माझा आवडता भाग, तिथे मला कुणी घाई केलेली चालत नाही. पुसलेल्या लाकडी मैदानावर कुठलाही बूट धरतो. खरी परीक्षा धुळीची. म्हणून अर्धं मैदान मी तीन दिवस पुसू देत नाही, त्यावरून झाडणाऱ्या काकांशी माझं दर वेळी वाजतं. आधी पुसलेल्या अर्ध्यात दहा फेऱ्या, मग धुळीच्या अर्ध्यात दहा, आणि प्रत्येक फेरीनंतर बूट उलटा करून बघायचा. सोलवरच्या नागमोडी खाचा अरुंद असल्या तर दोन-तीन फेऱ्यांतच त्या राखाडी धुळीने बुजतात, आणि मग खेळाडू दर थांब्याला तळहाताने सोल पुसत बसतो. या बुटाच्या खाचा रुंद होत्या. धूळ खाचेत जाऊन बसत होती, कडा स्वच्छ राहत होत्या. ‘चीं’ आवाजावर लोक फार भाळतात, पण आवाज म्हणजे ग्रिप नव्हे. भरपूर किंचाळून घसरणारे बूट मी पाहिलेत. आणि ग्रिप जितकी जास्त तितकी चांगली, हेही खरं नाही. युरोपच्या ई.एन. १४९०४ या मानकात इनडोअर मैदानाचं घर्षण पेंडुलमने मोजतात आणि आकडा ८० ते ११० मध्ये हवा असतो. वरची मर्यादा घातलीय ती उगाच नाही. पाय वळायच्या वेळी सुटला नाही तर तो झटका वर घोट्याला आणि गुडघ्याला जातो. हा बूट सरळ थांबताना धरत होता आणि चवड्यावर गिरकी घेताना सोडत होता. मी पाचपैकी पाच दिले. असं मी क्वचित करते.

सहा गार्ड, पंचवीस मिनिटांचे तीन सेट, दर सेटनंतर फॉर्म. खेळाडूंचे फॉर्म वाचणं ही वेगळी विद्या आहे. ११ नंबरचा मुलगा सगळ्याला पाच देतो. त्याच्या पायाला पुठ्ठ्याचं खोकं बांधलं तरी खाली ‘भारी’ लिहील. ७ नंबर सगळीकडे तीन लिहितो आणि गप्प बसतो. सरासरी काढणाऱ्या सॉफ्टवेअरला दोघंही सारखेच.

दुसऱ्या सेटनंतर ७ नंबर फॉर्म न भरता माझ्याकडे आला.

“ताई, उजव्यात काहीतरी हलतंय.”

“टाच उचलली जातेय का?”

“टाच नाही, पुढे. म्हणजे पाय जागेवर आहे, पण जागाच हलतेय.”

मी गुडघ्यावर बसले. अंगठ्याने पुढचं टोक दाबलं, करंगळीची बाजू चाचपली, टाचेमागे बोट घालून पाहिलं. मापात चूक नव्हती. मग लेस सोडून शेवटच्या दोन भोकांतून फासा काढला, टाच मागे बसवली आणि घट्ट आवळली.

“आता?”

“बरं वाटतंय.”

बरं वाटतंय हे उत्तर बहुतेक वेळा ताईचं मन राखायला असतं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं. पण तोवरची पकडीची, म्हणजे बूट पायाला किती धरून बसतो त्याची, सरासरी ४.३ होती, बाकीचे पाच खूष होते, आणि मैदान पाचला रिकामं करायचं होतं. एकच सेट उरला होता.

तिसऱ्या सेटमध्ये तीनास तीन खरा खेळ. शेवटाकडे ७ नंबरने उजवा पाय बाहेर रोवला, डावीकडे निघण्यासाठी. हीच ती हालचाल, जिच्यासाठी गार्डचा बूट बनवतात. बूट जमिनीला चिकटून जागच्या जागी थांबला. माझी पाचपैकी पाच ग्रिप. आतला पाय थांबला नाही, तो बाहेरच्या कडेवर चढला आणि घोटा आत वळला. तो ओरडला नाही. खाली बसला आणि दोन्ही हातांनी घोटा धरून लाकडाकडे बघत राहिला.

बर्फ, फिजिओ, पाय उंचावर. मुरगळ पहिल्या श्रेणीची निघाली, अस्थिबंध ताणला होता, फाटला नव्हता. त्याला घरी पोचवून परत आले आणि उजवा बूट टेबलावर घेतला.

इनसोल नखाने उचलली. टाचेकडे गोंदाचा एक ठिपका होता तेवढाच. चवड्याखाली गोंदच नव्हता. बुटाचा अपर खाली ज्या कापडाला शिवतात त्याला आमच्यात स्ट्रोबेल म्हणतात. त्या शिवणीचे टाके बुटाच्या आत कडेकडेने फिरतात, आणि वजन पडलं की वरच्या मऊ इनसोलच्या पोटावर त्यांची छाप उठते, भाकरीच्या पिठावर बांगडी टेकावी तशी. नेहमी एक रेघ असते. या इनसोलवर करंगळीच्या बाजूला दोन होत्या. एक ठळक, दुसरी तिच्यापासून चार मिलिमीटरवर, थोडी तिरकी. पाय इनसोलला धरून होता आणि इनसोल बुटातून सरकत होती. जागाच हलतेय. त्याने मला निदान करून दिलं होतं आणि मी लेस आवळत बसले.

बाकीच्या पाच उजव्या इनसोल काढल्या. चारांवर एकच रेघ. पाचवीवर दोन, दुसरी फिकट, दीड-दोन मिलिमीटरवर. ती ११ नंबरची होती. त्याच्या फॉर्मवर पकड: पाच. भारी.

इथवर वाचून वाटेल की प्रकरण सुटलं. मलाही तासभर तसंच वाटलं. मग व्हिडिओ पाहिला. आमचा कॅमेरा सेकंदाला २४० चित्रं घेतो, म्हणजे दर चित्रात चारेक मिलिसेकंद. पाय रोवला जातो ते दिसतं, घोटा वळलेला दिसतो, आणि मधल्या नेमक्या आठ-नऊ चित्रांत बचाव करणाऱ्याचा बूट आड येतो. ७ नंबरच्या सोलची कड दुसऱ्याच्या पायावर पडली असेल किंवा नसेलही. मी ती चित्रं इतक्या वेळा पाहिलीत की आता मला हवं ते त्यात दिसतं.

दुसरं म्हणजे हा घोटा त्याचा आधीचाच दुखरा. एरवी तो लेसची ब्रेस, म्हणजे घोट्याला आवळून बांधायचा आधार, घालून खेळतो. तपासणीत ब्रेस चालत नाही, ती घातली की बुटाची पकड कळत नाही. हा नियम आमचा, आणि लिहिला मीच. घोट्यावर येणारा उंच बूट मुरगळ टाळतो असं संशोधनातून ठाम निघालेलं नाही, पण ब्रेसचा उपयोग दिसलाय. अमेरिकेत शाळकरी बास्केटबॉलपटूंवर झालेल्या मोठ्या चाचणीत, २०११ ची ती, लेसच्या ब्रेसमुळे घोट्याच्या दुखापती स्पष्ट कमी झाल्या. ती माझ्या वाचनात होती. आमचे साहेब मात्र पहिलं वाक्य हेच बोलले, “उंच बूट असता तर वाचला असता.”

आणि तिसरं ते माझं आवळणं. लेस घट्ट झाली की पाय इनसोलवर आणखी दाबला जातो, दोघं मिळून एक होतात आणि सरकतात तेव्हा एकत्र सरकतात. सैल लेसमध्ये कदाचित पाय इनसोलवरच थोडा घसरला असता, त्याला जाणवलं असतं, तो थांबला असता. कदाचित. हे कुठल्याच फॉर्मवर येत नाही.

फॉर्मवर येतं ते एवढंच: ‘दुखापतीस बूट कारणीभूत: हो / नाही’. मी पेनाने तिसरा चौकोन काढला आणि लिहिलं, ‘ठरवता येत नाही’. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. सिस्टिममध्ये तिसरा पर्याय नाही, फॉर्म पुढे सरकत नाही. ज्याने हा फॉर्म बनवला त्याने आयुष्यात एकदाही कुणाचा सुजलेला पाय हातात घेतलेला नसणार.

मी ‘हो’ वर खूण केली. खात्री होती म्हणून नाही. ‘नाही’ वर केली असती तर ती इनसोल तशीच पुढे गेली असती. डिझाइनचा मुलगा भडकला. “एका पायावरून?” म्हणाला. चुकीचं काही बोलला नाही. इनसोल बदलता यावी म्हणून पुढे गोंद लावला नव्हता, आणि चार ग्रॅम वाचले ते वरकड, असं त्याचं म्हणणं. आता आम्ही कॉरिडॉरमध्ये एकमेकांना मान हलवतो, एवढंच.

नवे नमुने तीन आठवड्यांनी आले. इनसोल पूर्ण चिकटवलेली, पोटाला खरखरीत कापड. वजन ३०३. पुढच्या फेरीत जिभेतली गादी पातळ करून ते २९९ वर आणलं. त्याचा फोटो कुणी काढला की नाही, माहीत नाही. मी आता प्रत्येक सेटनंतर इनसोल उचलून बघते, ब्रेसचा नियम बदलावा म्हणून अर्ज दिलाय, त्यावर अजून उत्तर नाही.

७ नंबर त्या फेरीला आला. ब्रेस पिशवीत घेऊन आला होता, मी म्हटलं, घाल. खोकं उघडून त्याने बूट हातात घेतला, तोलला नाही, वाकवला नाही. लेस सैल केली, आत हात घालून चवड्याखाली नख खुपसलं आणि इनसोल उचलून बघायचा प्रयत्न केला. उचलली गेली नाही. मग डाव्या बुटाचंही तेच केलं. माझ्याकडे न बघता खाली बसून लेस बांधायला लागला, आणि शेवटची दोन भोकं मोकळी सोडली.