तंबोरे लागेपर्यंत

डिसेंबर उजाडला की पुण्यात मोबाईलवर एकाच छापाचे निरोप फिरू लागतात. ‘काय मारवा झाला!’, ‘कालची शेवटची मैफल चुकवलीत, आता बसा हळहळत.’ सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाहून परतलेल्या माणसाला कोण गायलं, काय गायलं, द्रुत, म्हणजे जलद लय, किती चढली, सगळं सांगता येतं. तंबोरे कसे लागले होते ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते लागत होते तेव्हा मंडळी वडापावच्या रांगेत असतात.

दोन कलाकारांच्या मधली ती पंधरा-वीस मिनिटं बहुतेकांच्या लेखी मध्यंतरच. निवेदक प्रायोजकांची यादी वाचतात, भारतीय बैठकीत शाल टाकून धरलेल्या जागेवरून कुजबुजत भांडणं होतात. त्याच वेळी मंचावर मागच्या बाजूला दोन शिष्य मान वाकडी करून तंबोऱ्याशी झटत असतात, आणि पुढच्या तासाभराचं बरंचसं तिथेच ठरून जातं.

तंबोऱ्याला तारा चार. पहिली मंद्र पंचमाची, म्हणजे खालच्या ‘प’ची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या (सा), आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची, पितळेची. वाजवताना पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने. लावताना मात्र सुरुवात जोडापासून करावी. त्यातली एक तार षड्जाला लागली की दुसरी तिच्याशी मिळवायची. दोन्ही जवळ आल्या पण अजून एक झाल्या नाहीत, की आवाज डुलायला लागतो: वँव... वँव... हा डोल म्हणजे हिशेबच आहे. दोन तारांच्या कंपनांत सेकंदाला एकाचा फरक असेल तर सेकंदाला एक हेलकावा, अर्ध्याचा असेल तर दोन सेकंदांनी एक. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, त्यात अर्ध्या कंपनाची चूकसुद्धा अशी उघडी पडते. हेलकावे लांबत लांबत नाहीसे झाले की जोड लागला.

एवढं बारीक काम खुंटीने होत नाही. खुंटी म्हणजे ढोबळ काम. पुढचं घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती रुंद पट्टी) खालच्या अंगाला तारेत ओवलेल्या मण्याने. मणी लंगोटाकडे, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिकडे, सरकवला की स्वर किंचित चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. जाणकार शिष्य खुंटीवर स्वर जरासा खाली ठेवतो आणि शेवटचा केसभर मण्याने चढवतो. खुंटीनेच वर नेऊन मग सैल करत खाली आणलेली तार थोड्या वेळाने आणखी उतरते, आणि विलंबितात, म्हणजे संथ लयीत, हात मागे तंबोऱ्याकडे जायची वेळ येते.

मग जवारी, म्हणजे तारेचा गुंजता, उघडा आवाज. घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीवर तार टेकते, तिथे तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो गुंजभर पुढे-मागे केला की एका जागी तार अचानक उघडते, तिच्यातून स्वरांचा झोत बाहेर पडतो. ती जागा चुकली तर एका बाजूला तार बद्द बोलते, दुसऱ्या बाजूला पत्र्यासारखी खरखरते. वैताग असा, की धागा हलवला की स्वर हलतो आणि स्वर बदलला की धाग्याची जागा बदलते. म्हणून हे काम दोन-तीन फेऱ्यांत होतं. वर्षानुवर्षं तार घासून घोडीला चर पडले असतील तर कितीही धागे फिरवा, उपयोग नाही. घोडी घासून जवारी नव्याने काढायची, आणि त्यासाठी मिरजेच्या कारागिराचा हात लागतो. तिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते भोपळ्याच्या नक्षीकामापेक्षा या घासण्यासाठीच मिळायला हवं होतं, असं जवारी ऐकलेला कोणीही म्हणेल.

नीट लागलेल्या तंबोऱ्यात कोणीही न छेडलेला गंधार (ग) ऐकू येतो. खर्जाच्या तारेचा पाचपट कंपनांचा उपस्वर तो. आणि नेमकी इथे संवादिनीची पंचाईत होते. बाजाच्या पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत वाटलेलं असतं, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यांतल्या चौदा भागांनी. ऐकायला फरक लहान, पण भूपात किंवा यमनात गायक गंधारावर थांबला आणि साथीदारानेही तो दाबून धरला, की कानात खडा लागतो. डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची संवादिनी केली ती याच दुखण्यावर. साधी पेटी घेऊन बसलेला मुरब्बी साथीदार गंधारावर बोट ठेवतो न ठेवतो, किंवा तेवढ्यापुरता भाता हलका करतो. पेटी कुठे गप्प राहते तेही ऐकावं. अर्धी साथ त्या गप्प राहण्यात असते.

पहिल्या तारेवरून राग ओळखण्याचा खेळ तर फुकटचा. पंचम असेल तर काही कळत नाही, निम्मे राग त्यात बसतात. पण शिष्याने ती तार मध्यमाला (म) उतरवली की मालकंस, बागेश्री, ललत असं काहीतरी. निषादाला (नी) चढवली की मारवा, पूरिया. पंचमाचा मध्यम करणं सोपं, तार सैल होते, थोडी बोथट बोलते इतकंच. पंचमाचा निषाद करणं जोखमीचं. कंपनं सव्वापट होतात, म्हणजे तारेवरचा ताण दीडपटीच्या पुढे जातो. जुनी तार असेल तर तुटते, तीही बरोबर गायक डोळे मिटतो तेव्हा. म्हणून दोन तंबोऱ्यांतला एक पंचमाचा आणि दुसरा निषादाचा किंवा मध्यमाचा, अशी तयारी करून ठेवणारे गायक शहाणे. मारव्यानंतर लगेच नाट्यगीताची फर्माईश आली तर पंचमाचा तंबोरा पुढे येतो, निषादाचा मागे राहतो. ही सोय नसली तर मात्र मालकंस रंगात आलेला आणि मागे कुठेतरी पंचम गुणगुणतोय, असा प्रकार होतो. श्रोत्यांना काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण ‘आज काही जमलं नाही बुवा’ हे बरोबर कळतं.

तबल्याचं गणित वेगळं. पुरुष गायकाच्या काळी एकला सव्वापाच-साडेपाच इंचांचा तबला पुरतो. गायिकेची पट्टी काळी चारच्या आसपास असेल तर सहा इंचांच्या वरचा, ढाल्या, म्हणजे खालच्या, स्वराचा लागतो. लहान तोंडाचा तबला इतका उतरवून चालत नाही, शाई, म्हणजे मधला काळा गोल, नुसती फडफडते. स्वर मोठ्या फरकाने बदलायचा तर चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकायचे, थोड्यासाठी गजरा, म्हणजे तोंडाभोवतीची चामड्याची वेणी. गजऱ्यावर वरून हातोडी मारली की चढतो, खालून मारली की उतरतो. पट्ट्यांच्या मधली घरं सोळा. एका घरावर ठोकलं की समोरचं बिघडतं, म्हणून आमनेसामने जात मिळवायचं. सगळ्या घरांवर ‘ना’ हा बोल एकसारखा वाजला की झालं. निदान त्या क्षणापुरतं.

क्षणापुरतं, कारण डिसेंबरातला मांडव. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्ररात्र चालायचा. आता रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंदी, आणि ठरावीक दिवशी सवलत मिळाली तरी ती मध्यरात्रीपर्यंतच. त्यामुळे दुपारीच पडदा उघडतो. याचा एक फायदा झाला. मुलतानी, भीमपलास, पटदीप हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात. तोटा उशिरा रात्रीच्या दरबारीचा, तो घाईत उरकतो. ललत, तोडी हे पहाटे-सकाळचे राग ऐकायचे तर दिवाळी पहाट गाठायची. पण वाद्यांच्या दृष्टीने दुपारचं ऊन आणि रात्रीची थंडी यांच्यामध्ये सहा-सात तासच असतात. गारठा वाढला की पोलादी तार आखडते, तंबोरा चढतो. हवेत दमटपणा आला की तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, ओल धरते, तबला उतरतो. एकाच मंचावर दोघं उलट्या दिशांना चाललेले. तबलजी विलंबित ठेका चालू असतानाच ‘खाली’च्या, म्हणजे तालातल्या हलक्या भागाच्या, मोकळ्या जागेत हळूच एखादा ठोका गजऱ्यावर मारतो, तो यासाठी. पणजीच्या कला अकादमीसारख्या वातानुकूलित सभागृहात उलटं होतं. बाहेरच्या दमट हवेतून आत आलेला तबला कोरड्या थंडाव्यात चढत जातो. कुठेही गेलं तरी वाद्यांना मंचावरच्या हवेत अर्धा तास तरी नुसतं बसू द्यावं. नव्या तारा एक-दोन दिवस आधी चढवाव्यात, आयत्या वेळी चढवलेली तार ताणत राहते. खुंटी सरकत असेल तर खडू, पावसाळ्यात फुगून अडकली असेल तर धीर.

आता बसायचं कुठे. सगळ्यांत पुढची जागा मानाची असली तरी तिथे मुख्य ध्वनिवर्धकांचा आवाज दोन्ही बाजूंनी डोक्यावरून निघून जातो आणि कलाकारांसाठी ठेवलेल्या ध्वनिवर्धकांचा उरलासुरला आवाज पदरात पडतो. मधोमध, मांडवाच्या पुढच्या एक-तृतीयांश हिश्श्यात बसावं. ध्वनियंत्रणेचा माणूस जिथे टेबल मांडून बसतो त्याच्या आसपास जागा मिळाली तर सोडू नये. तो स्वतःच्या कानाला बरं लागेल तसंच लावत असतो. अगदी मागे मोठ्या पडद्यावर गायकाचा हात स्पष्ट दिसतो, पण मंचापासूनचा आवाज ३४ मीटर मागे पोचायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात ही झाली अर्धी मात्रा. पडद्यावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येऊन गेली तरी कानावर अजून यायची असते. मागे ताल धरणारे आणि पुढचे यांच्या टाळ्या म्हणूनच फुटतात. यात मागच्यांचा काही दोष नाही. डोळे मिटून ताल धरला तर ते त्यांच्यापुरते बरोबरच असतात.

शेवटाला अभंगाची चिठ्ठी जातेच. टाळ पुढे येतात. टाळाला स्वतःचा एक पक्का स्वर असतो, तो गायकाची पट्टी विचारत नाही, त्यामुळे टाळकऱ्याचा हात हलका असावा एवढीच प्रार्थना. खरी काळजी पखवाजाची. त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, तिच्या वजनाने त्याचा घुमारा खाली येतो. जास्त झाली तर आवाज ठस्स होतो, कमी पडली तर नुसता टणत्कार. आणि अभंगाआधीचा ख्याल तासभर चालला तर दिव्यांच्या उष्णतेत तीच कणीक वाळून कडांनी सुटू लागते. जाणता पखवाजी ती आधी थापतच नाही. ओल्या फडक्याखाली वाटीत झाकून ठेवतो आणि द्रुतची तिहाई, म्हणजे तीनदा येणारा शेवटचा तुकडा, संपून टाळ्या चालू असतात तेवढ्यात अंगठ्याने पसरतो.