तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं सांभाळायची फी किती, आणि जेवणाचे वेगळे का?

शाळा सुटल्यावर मुलं सांभाळायची तर महिन्याचे किती घ्यायचे आणि जेवण त्यातच धरायचं की वेगळं, हे मला बऱ्याच जणी विचारतात, सोसायटीतल्या, ओळखीतल्या, कधीकधी अजिबात ओळख नसलेल्यासुद्धा, कारण घरबसल्या काहीतरी सुरू करायचं असतं आणि "तसंही स्वयंपाक होतोच, अजून चार मुलं आली तर काय" असं वाटत असतं. तर सांगते. मी डोंबिवलीतलं सांगतेय, पुण्याला किंवा साताऱ्याला आकडे वेगळे असतील, हिशोब करायची रीत तीच.

पहिली गोष्ट, सांभाळायचे पैसे आणि खाण्याचे पैसे एकत्र करू नका. एकच गोल आकडा सांगायला बरा वाटतो, पण मग मूल चार दिवस आजारी पडलं की आई म्हणते चार दिवसांचे कापा, आणि तुम्ही कापता ते जेवणाचे नाही, तुमच्या वेळेचे कापता. मूल आलं नाही म्हणून मदतनीस बाईचा पगार कमी होत नाही आणि ती जागा तुम्ही चार दिवसांसाठी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. म्हणून माझ्याकडे सांभाळायची फी महिन्याची, मूल येवो न येवो, आणि खाण्याचे दिवसाचे, जेवढे दिवस जेवलं तेवढे. उद्या येणार नाही हे आदल्या रात्री नऊपर्यंत व्हॉट्सअपवर कळवलं तर त्या दिवसाचे खाण्याचे पैसे नाहीत, सकाळी कळवलं तर आहेत, कारण तोवर कडधान्य भिजलेलं असतं.

आता फी. इतर पाळणाघरं काय घेतात ते विचारून शंभर रुपये कमी लावायचे असं बऱ्याच जणी करतात, ते मला पटत नाही. उलटीकडून मोजा. समजा दहा मुलं, दुपारी एक ते सात, महिन्याला बावीस दिवस, फी ३५०० रुपये. जमले ३५,०००. त्यातून मदतनीस ८०००, वाढलेलं लाइटबिल, फिनाइल, रंगीत खडू, फुटलेल्या वस्तू वगैरे मिळून ३००० धरा, राहिले २४,०००. सहा तासांप्रमाणे बावीस दिवसांचे १३२ तास होतात पण आपण अकरापासून ओट्यापाशी उभ्या असतो ते दोन तास कोण मोजणार, ते धरले की १७६ तास, म्हणजे तासाला साधारण १३६ रुपये हातात. हा आकडा तुम्हाला चालतोय का ते आधी ठरवा, मग फी ठरेल. पालकांच्या बाजूने बघितलं तर हेच मुलामागे तासाला साडेसव्वीस रुपये पडतात, आणि घासाघीस सुरू झाली की मी एवढंच सांगते, पुढे बोलत नाही.

खाण्याचा हिशोब मात्र बसून मांडायला लागतो आणि त्यात मजा आहे. माप कुठून घ्यायचं, तर शालेय पोषण आहाराचं सरकारी माप आहे ते चांगलं आहे, पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, आणि सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. घरच्या वाटीने रोज मोजायची गरज नाही, आठवडाभर एकदा वजनकाट्यावर करून बघा, आपण डाळ कमी आणि भात जास्त घालतोय हे लगेच कळतं.

आमच्याकडच्या भावाने ढोबळ धरलं तर दोन पोळ्यांची कणीक तीन रुपये, तांदूळ अडीच, डाळ अडीच ते तीन, भाजी पाच, तेल-तूप-मसाला तीन, आणि मुलांच्या स्वयंपाकाला महिन्याला एक सिलिंडर जातो असं धरलं तर ताटामागे गॅस चारेक रुपये. म्हणजे वीस. पण संध्याकाळचं बघा. दीडशे मिली दूध नऊ रुपये, पोहे-उपमा-शिरा असं काहीतरी दहा रुपये, केळं पाच. चोवीस! जेवणापेक्षा मधलं खाणं महाग पडतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, सगळ्या नव्या बायका जेवणाचे पैसे लावतात आणि "संध्याकाळी थोडंसं खायला" फुकट म्हणून सांगून मोकळ्या होतात. चव्वेचाळीस झाले, त्यावर सांडलं, उरलं, दुसऱ्यांदा मागितलं याचे दहा टक्के, म्हणून मी ५० रुपये दिवसाला घेते, बावीस दिवस आलं तर ११००. यात मला नफा नाही आणि तोटाही नाही, आणि तसंच असायला हवं असं माझं मत आहे, कारण जेवणात नफा धरला की हात आखडतो.

एका बाबांनी मला विचारलेलं की सरकार पावणेसात रुपयांत जेवू घालतं मग तुमचे पन्नास कसे. आकडा खरा आहे, मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे ६ रुपये ७८ पैसे. पण त्यात धान्य धरलेलं नाही, ते वेगळं येतं, स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन वेगळं, आणि दूध-केळं त्या पैशात बसत नाही. (त्या ताई एवढ्याशा पैशात जे करून दाखवतात त्याला खरंतर नमस्कार करायला हवा.)

खर्च आटोक्यात ठेवायचा तर वारावर मेनू लावा, सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी दुधी घातलेलं वरण असं. मुलांना कंटाळा येत नाही, आपल्यालाच येतो. भाजी रविवारी आणि बुधवारी, पालेभाजी त्याच दिवशी संपवायची. एखादी भाजी भडकली की मेनू बदलायचा, फी नाही. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता तेव्हा आमटी आमसुलावर आणि चिंचेवर चालली, एकाही मुलाने विचारलं नाही. बिस्किटांचे पुडे स्वस्त वाटतात पण पोट भरत नाही, अर्ध्या तासात "काकू भूक लागली" येतंच, त्यापेक्षा थालीपीठ किंवा धिरडं करा. कांदा-लसूण न खाणारं मूल असेल तर वरण सगळ्यांचं एकच, फोडणी दोन, त्याचे जास्तीचे पैसे मी लावत नाही. अंडं मी देत नाही, कुणाला द्यायचं असेल तर डब्यात उकडून द्या म्हणते.

२०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा शासनाचा निर्णय आला, काही शाळांनी वेळ बदलली काहींनी नाही, त्यामुळे पूर्वी सगळी मुलं साडेबाराला एकदम यायची ती आता दोन तुकड्यांत येतात, काही जण शाळेतच डबा खाऊन येतात. त्यांना जेवणासकट पन्नास लावणं बरोबर नाही, फक्त संध्याकाळचे तीस. भावंडं असतील तर सवलत मागतातच, मी दुसऱ्याच्या सांभाळायच्या फीमध्ये ५०० कमी करते, खाण्यात काही नाही, धाकटा काय अर्धपोटी राहणार आहे का.

उशिराचं. सातनंतर पंधरा मिनिटं सोडून द्यायची, पुढे अर्ध्या तासाला पन्नास. लोकल बंद पडली असेल तर घेत नाही, आणि ती बंद आहे की नाही हे आपल्या मोबाईलवर आपल्यालाही कळतंच, त्यामुळे उगाच कुणी लोकलचं नाव सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जागा राखायची अर्धी फी, मे महिन्यात दिवसभर राहणार असतील तर वेगळा दर.

हे सगळं एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी द्या, तोंडी नको, ओळखीतल्यांना तर नक्कीच लिहून द्या कारण तिथेच जास्त गैरसमज होतात.

आणि फी दरवर्षी वाढवा, तीन वर्षं तशीच ठेवून एकदम हजार वाढवले तर सगळेच दचकतात. जूनपासून वाढवायची असेल तर एप्रिलमध्येच सांगा, मेमध्ये निम्मी लोकं गावाला असतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वह्या, रेनकोट, बसचे पैसे यांत त्यांचं डोकं आधीच फिरलेलं असतं.