ठाण्याच्या आवारातली मोसंबी

३ मे २०२५, शनिवार. घनसावंगी तालुक्यातले एक बागायतदार कागदांची पिशवी घेऊन आले. ८ जानेवारीला त्यांची पिकअप चोरीच्या गाडीच्या संशयावरून पोलीस ठाण्यात लावून घेतली होती. मागे १४ क्विंटल मोसंबी. ११ दिवसांनी गाडी सुटली, तोवर खालच्या क्रेटांतला रस झिरपून ताडपत्री चिकट झालेली, वरच्या फळांवर हिरवी बुरशी. "वकीलसाहेब, आधी गाडी तर सुटू द्या म्हणलं, दाव्याचं मग बघू." गाडी सुटल्यावरही दावा मागेच पडला आणि चार महिने गेले.

पोलिसांवर नुकसानभरपाईचा दावा चालतच नाही, असा समज गावोगाव आहे. चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६५ च्या कस्तुरीलाल निकालात मेरठच्या ठाण्यातलं जप्त सोनं हवालदार घेऊन पळाला, तरी सार्वभौम कार्य, म्हणजे राज्यसत्ता म्हणून करायचं काम, या कारणाने सरकार सुटलं. पण १९९४ च्या नागेंद्र राव निकालात जप्तीत खराब झालेल्या खताची आणि धान्याची भरपाई सरकारवर बसली. आमची मोसंबी या दुसऱ्या रांगेतली.

खरी भीती मुदतीची असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ सांगतं की कर्तव्याच्या आडून किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत यायला हवा, आणि त्याआधी अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस हवी. "जप्तीच बेकायदा होती, मग ही मुदत कशाला?" असं पक्षकार विचारतात. पण 'अधिकार ओलांडून' हे शब्द कलमातच आहेत. कबुलीसाठी केलेली मारहाण या कवचात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये आत्माराम प्रकरणात सांगितलं. गाडी अडकवून ठेवणं मात्र येतं.

त्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०: सरकार आणि अधिकारी, दोघांना नोटीस, आणि ती पोचल्यापासून दोन महिने थांबायचं. आता हिशेब बघा. ८ जानेवारीपासूनचे सहा महिने ८ जुलैला संपणार. नोटीस ६ मे रोजी पोचली तर दोन महिने ६ जुलैला पुरे होतात, तो रविवार. दाव्याला उरतात ७ आणि ८ जुलै. गाडी सुटल्याच्या तारखेपासून मोजा, नोटिशीचा काळ वजा करा, असे युक्तिवाद करता येतात. पण पक्षकाराचं भवितव्य युक्तिवादावर टांगू नये. टपालात तीन दिवस गेले असते तर सगळंच त्यावर गेलं असतं.

म्हणून मंगळवारी नोटीस हातानेच दिली. शीर्षकात दोन्ही कलमं. आत नाव, धंदा, राहण्याचं ठिकाण, घडलं काय, आणि मागणी आकड्यात. आकड्याला वजनकाट्याची पावती आणि त्या दिवसाची बाजार समितीची भावपट्टी. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात, कारण सरकारची नोटीस तिथे चालते. दुसरी ठाण्यात, अधिकाऱ्याच्या नावाने आणि हुद्द्याने. आवकमध्ये शिक्का लगेच मिळाला. ठाण्यात मात्र अंमलदार म्हणाले, "साहेब नाहीत, पोस्टाने पाठवा." इथेच बहुतेक जण परत फिरतात. 'कार्यालयात ठेवणे' हेही कलम ८० ला पुरतं. दोन साक्षीदारांसमोर पाकीट टेबलावर ठेवलं, वेळ लिहून सह्या घेतल्या, आणि त्याच दिवशी पोचपावतीच्या रजिस्टर टपालानेही एक प्रत रवाना केली.

७ जुलैला दावा वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायालयात लावला. सरकार पक्षकार असताना रक्कम लहान असली तरी कनिष्ठ स्तराकडे जाता येत नाही. सरकारलाही प्रतिवादी केलंच पाहिजे. मसुदा तपासताना एक वाक्य राहिलेलं सापडलं: प्रतिवादीने भरपाई देऊ केली का. कलम १६१ ला ते वादपत्रात हवं, नोटीस बजावल्याची तारीखही, आणि नोटिशीच्या प्रतीसोबत ती कधी, कशी बजावली याचं वादीचं निवेदनही. वाक्य घातलं, पान पुन्हा छापलं, दुपारी दावा दाखल झाला.

कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, सरकारी वकिलांची पहिली हरकत नोटिशीची, दुसरी मुदतीची. आवकचा शिक्का आणि साक्षीदारांच्या सह्यांचा कागद दाव्यासोबत आधीच जोडलेला आहे. मुद्देमाल नोंदवहीची नक्कल मात्र ठाण्याने अजून दिलेली नाही; त्यासाठी माहिती अधिकारातलं अपील केलं आहे.