घट्ट निघालेली मागची साईट: एम अँड पी पिस्तुलावर बसवताना

स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी ९ पिस्तुलाची मूळ मागची साईट, म्हणजे नेम धरायची मागची खूण, काढून दुसऱ्या कंपनीची पोलादी, ट्रिटियमवाली (अंधारात चमकणाऱ्या नळ्यांची) साईट घेतली, की ती पहिल्यांदा खाचेला नुसती लावून बघायची. बहुतेक वेळा अंगठ्याने जोर देऊनही ती कडेच्या आत शिरत नाही. त्यात बिघडलेलं काही नसतं. प्रत्येक स्लाइडची (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाची) डव्हटेल, म्हणजे तिरप्या बाजूंची, खाच शतांश मिलिमीटरभर कमीजास्त असते. साईटचा पाया थोडा मोठा असला तर घासून जुळवता येतो. लहान निघाला तर गोळीबाराच्या हादऱ्याने साईट सरकते. म्हणून घट्ट निघालेली साईट मला बरी वाटते. फक्त तो घट्टपणा किती ठेवायचा हे कानशीने ठरवावं, हातोडीने नव्हे.

हे सगळं अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. भारतात शस्त्राच्या दुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे तिथे हे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावं.

मॅगझिन बाहेर, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. स्लाइड उतरवून बॅरल आणि रिकॉइल स्प्रिंग बाजूला ठेवायची. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि या पिस्तुलात त्याला खास कारण आहे. मागच्या साईटच्या बरोबर खाली स्ट्रायकर ब्लॉकची (पिस्तूल पडल्यावर गोळी सुटू न देणाऱ्या अडसराची) बारीक स्प्रिंग आणि तिच्यावरची छोटी टोपी असते. या दोन्हींना जागेवर धरून ठेवते ती साईटच. साईट सरकली की टोपी उडते आणि मग ती कपाटाखाली शोधत बसावं लागतं. मी स्लाइडवर एक जाड पारदर्शक पिशवी ओढून घेतो आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पिशवीच्या आतच सरकवतो.

जुनी साईट काढताना आधी तिचा अॅलन स्क्रू सैल करायचा. तो विसरला तर खाचेच्या तळाला ओरखडा पडतो आणि जोर फुकट जातो. नेम धरल्यावर जी डावी बाजू, तिकडून उजवीकडे ढकलून काढायची आणि नवी उजवीकडून डावीकडे घालायची, हा अमेरिकन पिस्तुलांचा सर्वसाधारण रिवाज. स्लाइड व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरताना जबड्यांना लाकूड किंवा पितळेच्या पट्ट्या लावाव्यात आणि पकड खाचेजवळच्या भरीव भागावर घ्यावी. इजेक्शन पोर्टच्या (रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीच्या) पातळ भिंतींवर व्हाइस आवळू नये.

आता जुळवणी. खाच रॉकेलने धुऊन, आतल्या कोपऱ्यातला मळ लाकडी काडीने काढायचा. कित्येकदा निम्मा घट्टपणा या मळाचा किंवा जुन्या साईटने सोडलेल्या बरचा (धातूच्या खरखरीत कडेचा) असतो. मग नव्या साईटच्या पायाला मार्कर फासून ती जेमतेम आत ढकलायची आणि परत काढायची. शाई जिथे चकचकीत पुसली गेली, तिथे ती अडते आहे.

घासायची ती साईट. स्लाइडला कानस लावायची नाही. एक तर साईट बिघडली तर दुसरी आणता येते. दुसरं, एम अँड पीच्या स्लाइडचा पृष्ठभाग नायट्राइड केलेला (नायट्रोजनच्या प्रक्रियेतून काढलेला) असतो आणि तो इतका टणक असतो की साधी कानस त्यावरून घसरते.

साईटचाही मी तळ घासतो, तिरप्या बाजू शक्यतो नाही. खाच तळाशी रुंद आणि वर अरुंद असते, त्यामुळे तळ कमी झाला की साईट तेवढी खाली बसते आणि दोन्ही तिरप्या बाजूंना सारखी मोकळीक मिळते. कोन ६५ अंशांचा धरला तर तळ ०.०५ मिमी घासल्यावर प्रत्येक बाजूला जेमतेम ०.०२ मिमी सुटतात. म्हणजे हाताची चूक निम्म्याहूनही कमी होऊन खाचेपर्यंत पोचते, आणि कोन बिघडत नाही. तिरप्या बाजूवर कानस मारताना मनगट जरा कललं तरी ती बाजू गोलसर होते. मग साईट एका रेषेवर टेकते आणि घट्ट वाटूनही पुढे सैल होते. शाई फक्त तिरप्या बाजूवरच एका ठिकाणी पुसली जात असेल तरच त्रिकोणी कानस घ्यावी, तीही एक बाजू घासून गुळगुळीत केलेली, म्हणजे पाया चुकून कापला जात नाही.

तळ घासायला जाड काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा, थेंबभर तेल टाकायचं आणि साईट एकाच दिशेने ओढायची. पुढे-मागे घासलं की ती डुलते आणि कडा जातात. आठ-दहा ओढींनंतर चारही कोपऱ्यांवर व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून उंची बघायची. एका कोपऱ्यावर ०.०२ मिमीचा फरक दिसला तर बोटाचा दाब तिकडे जास्त पडतो आहे. साईटचा वरचा भाग स्लाइडच्या माथ्यावर टेकू लागला तर मात्र तळ घासणं थांबवावं. तिथून पुढे मोकळीक मिळत नाही.

आत पहिली शिरणारी कड कानशीने अगदी हलकी मोडून घ्यावी. ती धारदार राहिली तर टणक स्लाइड साईटचाच पातळ काप काढते. बाहेर आलेला तो कुरळा काप दिसला की समजावं, बसणीचं माप गेलं.

साईट फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात. १० मिमी रुंदीचं पोलाद ४० अंशांनी गार झालं तर सुमारे ०.००५ मिमी आकसतं, आणि हातात घेतल्यावर लगेच ऊबही धरतं. त्यात वेळ घालवू नये. उलट स्लाइड तापवायलाही जाऊ नये, कारण ट्रिटियमच्या नळ्यांना उष्णता सोसत नाही.

अंगठ्याच्या जोराने साईट एक तृतीयांश आत गेली की घासणं बंद. आता स्प्रिंग आणि टोपी जागेवर ठेवायची, टोपी चपट्या पितळी पट्टीने दाबून धरायची आणि साईट तिच्यावर येऊ लागली की पट्टी मागे घ्यायची. साईट पुशर (स्क्रूच्या जोराने साईट सरकवणारं साधन) असेल तर उत्तम. हातोडी-पंच वापरायचे तर पंच पितळी किंवा नायलॉनचा घ्यावा आणि ठोका पायाजवळ, खाली मारावा. वर मारला तर साईट कलते आणि ट्रिटियमची नळी फुटू शकते. ठोक्याचा आवाज ऐकत राहावा. साईट सरकते तोवर तो बोदा येतो. अडली की टणटणीत होतो आणि पंच हातात उसळतो. तसं झालं की थांबून साईट बाहेर काढायची आणि पुन्हा शाई फासायची.

बसवून झाल्यावर स्लाइड उलटी करून स्ट्रायकर ब्लॉकचं बटण दाबून बघायचं. ते दाबलं जाऊन ताडकन परत आलं पाहिजे. अडखळलं तर टोपी तिरकी अडकली आहे आणि पिस्तूल हातातून पडल्यावर गोळी सुटू न देणारी सोय बंद आहे. असं पिस्तूल काडतूस घालण्याच्या लायकीचं नाही. साईट पुन्हा काढावीच लागते.

मध्य व्हर्निअरने दोन्ही कडांपासून मोजून साधायचा, बाकी रेंजवर. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साईट सरकवायची. दोन साईटमधलं अंतर ६.५ इंच धरलं आणि १५ यार्डांवर गोळ्या २ इंच डावीकडे पडत असतील तर २ गुणिले ६.५ भागिले ५४०, म्हणजे ०.०२४ इंच, सुमारे ०.६ मिमी उजवीकडे. एवढं सरकवायला पुशर नसेल तर फार त्रास होतो.

जागा पक्की झाल्यावर अॅलन स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावायचं. लाल लावलं तर पुढे तापवल्याशिवाय निघत नाही. साईट आणि स्लाइड यांच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवावी आणि पुढच्या काही सरावांनंतर ती तपासावी. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू आणखी पिळण्यात अर्थ नाही. तळ जास्त घासला गेला आहे. साईट काढून तिच्या तळाला टोकदार पंचाने चार-पाच टिपके मारले की त्यांच्या कडा वर येतात, साईट खाचेत थोडी उचलली जाते आणि तिरप्या बाजू परत घट्ट धरतात.